असियामा मास्तरांचा शेवटचा तास

"नदी दाखवायची आहे मॅडम, मुलं नदीत टाकायची नाहीत," असियामा मास्तर म्हणाले.

"दाखवा ना सर. लांबून दाखवा," मिस अडोमा म्हणाली.

"लांबून तर त्यांना रोजच दिसते. शाळेच्या संडासामागून दिसते."

यावर मिस अडोमाने फक्त नियमांच्या पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं. जिल्हा कचेरीने तिला बालसुरक्षेच्या कामावर नेमून सहाच महिने झाले होते, पण तेवढ्यात तिने अबोआसूच्या शाळेचं रूपडं पालटून टाकलं होतं. विहिरीला झाकण आलं. मुलांनी घरून कोयते आणून मैदानाचं गवत कापायचं बंद झालं. आंब्यावर चढणं बंद झालं. छडी मास्तरांनी स्वतःच केव्हाची सोडली होती, त्यामुळे तिच्या बंदीचं त्यांना काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते मधाच्या पोळ्याचं. दर वर्षी पाचवीला ते पोळं उतरवून दाखवत. आता पाचवी मधमाशी पुस्तकात बघत होती, आणि पुस्तकातली माशी चावत नाही म्हणून कुणाच्या लक्षातही राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

येत्या शुक्रवारी मास्तरांची नोकरी संपत होती. सहावीच्या मुलांना असेनी नदीत गुडघाभर पाण्यात उभं करून पाण्याचा धडा शिकवायचा, हा त्यांचा नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचा नेम. यंदा तो मोडायची वेळ आली होती. निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ नको, हार नको, भाषणं तर नकोतच. जाण्याआधी तो एक तास मिळावा, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. रात्री अंथरुणावर पडलं की त्यांना जुनी सहावी डोळ्यांसमोर दिसायची. चड्ड्या वर खोचलेली, दात वाजवणारी, आनंदाने किंचाळणारी. मास्तरांना मग झोप लागत नसे.

"बरं, सांगा तुमच्या अटी," ते म्हणाले.

"ओळीने, दोरी धरून चालायचं. रस्त्यात एक शब्द बोलायचा नाही."

"कबूल."

"प्रत्येक मुलाच्या अंगावर लांबून दिसेल असं भडक काहीतरी हवं."

"कबूल."

"जबाबदार शिक्षक सगळ्यात मागे. आणि फोन शाळेत ठेवायचा. मुलांचे फोटो नकोत."

"फोन तर मला एकट्या बायकोचाच येतो. कबूल."

"बरोबर स्ट्रेचर. मी आरोग्य केंद्रातून मागवलंय."

मास्तरांनी स्ट्रेचरही गिळलं.

"आणि पाण्यात पाय घालायचा असेल, तर पाच मुलांमागे एक मोठा माणूस. मुलं चाळीस. मोठे आपण दोघं."

इथे मात्र घोडं अडलं. दुसऱ्या शिक्षकांना आपापले वर्ग होते, हेडमिस्ट्रेस जिल्ह्याला मीटिंगला जाणार होत्या आणि पालक शेतावर. शेवटी काठापासून पंधरा पावलांवर दोरी बांधायची आणि मुलांनी दोरीच्या अलीकडे बसायचं, असं ठरलं. मास्तरांनी तेही कबूल केलं. एकदा नदी समोर आली की हिचंही मन पाघळेल, असा त्यांचा हिशेब होता. पाय तर तिलाही होतेच.

राहता राहिलं भडक काहीतरी. कचेरीकडून यायची नारिंगी जाकिटं कचेरीतच होती. मास्तर बाजारात बायकोच्या दुकानात गेले. फॉस्टिना कापड विकत असे, आणि त्यातही मुख्यतः मयताचं. अबोआसूत माणसं जन्मतात कमी आणि मरतात जास्त असं नाही. पण जन्माला कुणी सगळ्या गोतावळ्याला नवं कापड घेत नाही.

"भडक रंगाचं काही उरलंसुरलं दे," मास्तर म्हणाले.

"उरलंसुरलं लालच आहे."

"चालेल. पट्ट्या फाडून दे चाळीस."

फॉस्टिनाने कात्री खाली ठेवली. "लाल पट्ट्या? पोरांना? मेलं कोण?"

"कुणी नाही. मनगटाला बांधतील. मनगटाकडे कोण बघतं?"

"लाल दिसलं की लोक मनगट बघत नाहीत. कोण कमी आहे ते बघतात."

मास्तर शिकलेले असल्यामुळे त्यांनी बायकोचं ऐकलं नाही.

गुरुवारी सकाळी हरमाटनची धूळ नेहमीपेक्षा जास्त होती. उत्तरेकडून आलेल्या त्या कोरड्या वाऱ्याने सूर्याला पार तांबड्या थाळीसारखं करून टाकलं होतं आणि समोरचं घरही पिठात बुडवल्यासारखं दिसत होतं. मिस अडोमा स्ट्रेचरच्या फळ्या तपासत होती, मास्तर फोन हेडमिस्ट्रेसच्या खणात ठेवायला गेले होते. तेवढ्या वेळात सहावीने लाल पट्ट्या बांधून घेतल्या. मनगटाला नव्हे. मयताची लाल पट्टी कुठे बांधतात हे त्या मुलांना चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं. चाळीस कपाळांवर चाळीस पट्ट्या, मागे गाठी घट्ट.

मास्तर परत आले आणि एकेक कपाळ बघत गेले. "मनगटाला म्हटलं होतं ना रे?"

"कपाळावर जास्त छान दिसतायत, सर. लांबूनही दिसतील. राहू द्या," मिस अडोमा म्हणाली. ती किनाऱ्याकडच्या मोठ्या शहरात वाढलेली, त्यात सगळं लक्ष स्ट्रेचरच्या पट्ट्याकडे. मास्तरांनी विचार केला, आता पट्ट्या सोडायला लावाव्यात तर अर्धा तास जाणार, ऊन चढणार आणि ऊन चढलं की मॅडमच्या पुस्तिकेत उन्हाचंही एक पान आहे. त्यांनी पट्ट्या राहू दिल्या.

स्ट्रेचर रिकामं नेण्यापेक्षा त्यावर सामान टाकावं, हे मात्र डोकं मास्तरांचंच. परातीसारखी दोन मोठी भांडी, दोराचं वेटोळं, संत्र्यांची पिशवी, असं सगळं लांबलचक रचलं. धूळ बसू नये म्हणून वर हेडमिस्ट्रेसच्या टेबलावरची पांढरी चादर घातली. चार दांडग्या मुलांनी ते खांद्यावर घेतलं आणि वर्ग निघाला. पुढे मिस अडोमा, मान खाली, कारण ती रस्त्यातले खड्डे बघत होती. मग स्ट्रेचर. मग दोरी धरून, ओठ मिटून, दोन दोन मुलं. सगळ्यात शेवटी धुळीत मास्तर, तेही वाकलेले, कारण एका मुलाची चप्पल वाटेत तुटली होती.

कोपऱ्यावर मान्सा केंकी विकत बसली होती. मक्याच्या पानातला गोळा गिऱ्हाइकाच्या हातात देता देता ती तशीच थांबली.

"अगं बाई. कोण गेलं गं?" तिने मॉनिटर ज्युलियानाला विचारलं.

ज्युलियाना ही नियम पाळणारी मुलगी. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

मान्साने ओळीवरून नजर फिरवली. सहावीचा वर्ग आहे, आणि सहावीचा मास्तर नाही. तिने डोक्याचं फडकं सोडून तोंडाला लावलं. ओळीचं शेपूट धुळीतून बाहेर यायची तिने वाट बघितली नाही, कारण तोवर ती पाठमोरी होऊन ट्रोट्रोच्या, म्हणजे वडाप गाड्यांच्या, थांब्याकडे धावत सुटली होती.

पुढचं सगळं मास्तरांना मागाहून कळलं. मान्साच्या मते मास्तर स्ट्रेचरवर होते. ट्रोट्रोच्या ड्रायव्हरच्या मते स्ट्रेचर त्यांना आणायला नदीवर चाललं होतं. मास्तर आता नाहीत, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. ड्रायव्हर मास्तरांच्या हाताखालून गेलेला, त्याने जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर रडणाऱ्या चेहऱ्यांची एक रांगच टाकली. समजूतदार माणसांनी खात्री करावी म्हणून मास्तरांना फोन लावले. फोन हेडमिस्ट्रेसच्या खणात वाजत राहिला. ज्या माणसाला एकट्या बायकोचा फोन यायचा, त्याला त्या सकाळी सगळ्या गावाने फोन केले, आणि तो एकही उचलत नाही म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही.

बाजारात फॉस्टिनाच्या दुकानासमोर गर्दी झाली. लाल द्या, काळं द्या, लवकर द्या.

"कोण गेलं एवढं मोठं?" ती विचारी.

गिऱ्हाईक डोळे पुसून दुसरीकडे बघे. विधवेला तिच्या नवऱ्याची बातमी कापड मोजताना द्यायची कशी? कुणी तिचा हात हातात घेतला, कुणी घासाघीस न करता कापड घेतलं. या दुसऱ्या गोष्टीने मात्र ती खरी घाबरली.

इकडे नदीवर मास्तरांचा तास चालू होता, आणि तो अगदी वाईट चालला होता. पंधरा पावलांवर दोरी. दोरीमागे चाळीस मुलं बसलेली. मास्तरांनी वरच्या अंगाला संत्री सोडली आणि कुठलं संत्रं भरभर जातं, कुठलं रेंगाळतं, ते बघा म्हणाले. धुळीत मुलांना संत्री दिसेनात. पाणी ओढतं म्हणजे काय, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. मागच्या रांगेत दोघं पेंगत होती.

"मॅडम, पाण्याची भीती फळ्यावर शिकवता येत नाही हो," मास्तर हळूच म्हणाले. "ती पिंढरीला कळावी लागते. ही मुलं सुट्टीत येणारच इथे. तेव्हा ना मी असेन, ना तुम्ही."

मिस अडोमाने पुस्तिका मिटली. "सर, माझ्या आधीच्या जिल्ह्यात एक मुलगा शाळेच्या सहलीतून परत आला नाही. शिक्षक चांगले होते. तुमच्यासारखेच. त्याच्या आईला सांगायला मला पाठवलं होतं. ती मला म्हणाली, तू आधी जेवून घे, लांबून आली आहेस. मी काय म्हणते ते तिला अजून कळलंच नव्हतं."

या पोरीशी आपण सहा महिने उगाच भांडलो, असं मास्तरांना वाटलं. "संत्री गोळा करून आणतो," एवढंच म्हणून ते खालच्या अंगाला, काठावरच्या मोठ्या दगडामागे गेले.

तेवढ्यात पायवाटेवरून माणसं उतरू लागली. लाल, काळी, काही घड्या न मोडलेल्या कापडातली. पुढे ग्रामीण बँकेचा मॅनेजर ओहेने, मागे मान्सा, त्यामागे मांडववाला ओपोकू, ट्रक वर रस्त्यावर उभा करून. ओपोकूच्या पोरांनी बघता बघता वाळूत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. कुणीतरी मिस अडोमाला एका खुर्चीत बसवलं, तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि ओहेने बोलायला उभा राहिला.

तिकडची रीत अशी, की आलेल्यांचा बोलका माणूस येण्याचं कारण सांगायला उभा राहिला की तो बसेपर्यंत मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. मिस अडोमा शहरातली असली तरी चांगल्या घरातली होती. ती गप्प बसली. मुलांना तर मोठ्यांमध्ये बोलायची मनाईच होती. दगडामागे मास्तर संत्री पोटाशी धरून उभे होते. त्यांनाही रीत माहीत होती, आणि पहिली दोन वाक्यं ऐकल्यावर ती मोडायची त्यांना घाईही राहिली नाही.

"मॅडम, आमचा बाप गेला," ओहेने म्हणाला. "या नदीत त्यांनी मला उभं केलं. पाणी काय म्हणतंय रे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, चल म्हणतंय. तर म्हणाले, तू नाही म्हण. नाही म्हणायच्या आतच मी वाहून गेलो."

मिस अडोमाने पेला खाली ठेवला.

"मास्तर ओरडले, पाय वर कर, झुडूप धर. मी धरलं. आजही बँकेत एखादं कर्ज बुडायला लागलं की मी आधी झुडूप शोधतो."

तो डोळे पुसत बसला. मिस अडोमा बोलायला उठणार, तोच ओपोकू उभा राहिला.

"मला त्यांनी पोळं उतरवायला शिकवलं. तोंड असं सुजलं, की आईने ओळखलं नाही, शेजारच्यांचा पोरगा म्हणून हाकलून दिलं. पण आज कुणाच्याही मांडवाजवळ पोळं निघू दे, मलाच बोलावतात."

"माझी वेणी जळाली होती," मान्सा हुंदके देत म्हणाली. "मडकी भाजायच्या तासाला. कसली वेणी होती, काय सांगू. पण तेव्हापासून विस्तव मला वचकून आहे."

दगडामागे मास्तरांची छाती आधी भरून आली होती. पोरांना सगळं आठवतंय, एक एक तास आठवतोय, या विचाराने त्यांचे डोळे वाहत होते. मग त्यांनी फटीतून मिस अडोमाकडे पाहिलं. ती पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर भराभर लिहीत होती. वाहून गेला. सुजला. जळाली. आपल्या मरणाने आपला शेवटचा तास बुडवला, हे मास्तरांच्या लक्षात आलं. इतकं कौतुक ऐकून इतकं नुकसान झालेला माणूस त्या गावात दुसरा झाला नसेल.

"आणि स्वतः कधी पाण्यात उतरले नाहीत," कुणीतरी म्हणालं. "त्या दगडावर उभे राहायचे. सगळ्यांवर नजर हवी म्हणून."

सगळ्यांनी दगडाकडे बघितलं. नेमकी त्याच वेळी मास्तरांच्या नाकात धूळ गेली. त्यांची शिंक शाळेत प्रसिद्ध होती. आधी एक लांब श्वास, मग शांतता, मग स्फोट. त्या शिंकेनेच अर्ध्या माणसांची बसल्या जागी पाठ ताठ झाली, वर्गात व्हायची तशी. उरलेली अर्धी खुर्च्या पाडून पळाली.

मास्तर संत्री घेऊन बाहेर आले. "बसा, बसा. मी जिवंत आहे."

मान्सा जवळ आली आणि तिने मास्तरांचं मनगट दाबून पाहिलं.

"मास्तर, खुर्च्या उतरवल्यात हो मी," ओपोकू दुखावल्या आवाजात म्हणाला.

मग कुणीतरी हसलं, पळालेली माणसं परत फिरली, आणि ते हसू नदीकाठी पसरलं. लाल पट्ट्या, स्ट्रेचर, सगळा उलगडा झाला. रडून झाल्यावर हसताना माणसं जरा जास्तच हसतात. मास्तर मात्र मिस अडोमाकडे बघत होते.

"लिहून झालं का, मॅडम?"

"झालं," ती म्हणाली. "वाहून गेला, सुजला, जळाली. यातली एकही गोष्ट परत होता कामा नये, सर." तिने मान वर केली. तिची नजर काळ्या-लाल कपड्यांतल्या माणसांवरून फिरायला लागली आणि ओठ पुटपुटायला लागले. ती मोजत होती. "पाच मुलांमागे एक मोठा माणूस हवा. इथे तर प्रत्येक मुलाला एक मिळेल."

"म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे ओपोकू, मांडवाचे दोर काढा. या काठापासून त्या झाडापर्यंत ताणून बांधा. खालच्या अंगाला दोघं पोहणारे उभे राहा. मुलं मोठ्या माणसाचा हात धरूनच उतरतील. गुडघ्याच्या वर पाणी नाही. तास तुमचा, सर. शिट्टी माझी."

सगळा गाव कामाला लागला. मयताला जमलेल्या माणसांना कामाची सवय असतेच. थोड्याच वेळात सहावी पाण्यात उभी होती, एकेका मुलाचा हात एकेका दुखवटेकऱ्याच्या हातात. मास्तरांनी दगडावरून विचारलं, पाणी काय म्हणतंय? चल म्हणतंय, असा चाळीस पोरांचा ओरडा झाला, आणि पाण्याची ओढ म्हणजे काय ते पिंढरीला कळल्याबरोबर प्रत्येक पोराने दुसऱ्या हातानेही आपला माणूस पकडला. मागच्या रांगेत पेंगणारी दोघं आता सगळ्यात जागी होती. मुलांचं काही चुकत नव्हतं. चुकत होतं मोठ्यांचं. ओहेने पाणी उडवत होता, ओपोकू दोराच्या पलीकडे चालला होता, आणि शिट्टी वाजत होती ती त्यांच्यासाठी.

"अंकल, तुमचं पाणी गुडघ्याच्या वर गेलंय," ज्युलियाना बँकेच्या मॅनेजरला दरडावत होती.

मास्तर दगडावर उभे राहून हे बघत होते. या वर्षाची सहावी आणि सगळ्या वर्षांच्या सहाव्या त्यांना एकदम दिसत होत्या. ते सुखी होते आणि ते त्यांना कळतही होतं, जे फार कमी वेळा होतं.

मिस अडोमा दगडाजवळ आली. "सर, तुम्ही नाही उतरत?"

"इथून सगळ्यांवर नजर राहते."

"इतकी वर्षं कुणी खरंच बुडायला लागलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "ओरडलो असतो."

"आणि?"

"आणखी मोठ्याने. मला पोहता येत नाही, मॅडम. मला पाण्यात उतरायचीच भीती वाटते."

जवळच उभ्या ओहेनेने हे ऐकलं आणि त्याचा हात आपोआप छातीवर गेला. तो ज्या प्रवाहातून वाहून गेला होता, तो त्याच्या पायाशीच होता. मग मिस अडोमाने खिशातून एक उरलेली दोरी काढली आणि मास्तरांच्या कमरेला स्वतः बांधली.

"यांना मुलांत धरा," ती ओहेनेला म्हणाली. "एक मोठा माणूस यांच्यामागे. नाही, दोन."

ओहेने एका बाजूला, ओपोकू दुसऱ्या बाजूला. असियामा मास्तर दगडावरून उतरले. थंड पाणी घोट्याला लागलं तसे त्यांनी डोळे मिटून घेतले. पिंढरीला लागलं तेव्हा ते किंचाळले, पण आनंदाने.

त्याच वेळी फॉस्टिना पायवाटेने धापा टाकत उतरली. सगळं लाल-काळं कापड विकून झाल्यावर, गल्ल्याशी बसल्या बसल्या, तिच्या ध्यानात आलं होतं की मयत कुणाचं ते सांगायला एकही गिऱ्हाईक तयार नाही. तिने काठावरून बघितलं. नवरा कमरेला दोरी बांधून, दोन माणसांच्या आधाराने, गुडघाभर पाण्यात लहान मुलासारखा हसत होता. ती मटकन खुर्चीत बसली. हुंदका आवरला तशी तिने खांद्यावरच्या कापडाने तोंड पुसलं.

"काढू का त्यांना बाहेर, आंटी?" मिस अडोमाने विचारलं.

"नको गं," फॉस्टिना म्हणाली. "परवापासून तो दिवसभर घरात आहे. ही गोष्ट मला मरेपर्यंत ऐकायची आहे. नीट तरी घडू दे."